ताटातलं आणि धावतानाचं

प्रश्न : ताई, मी 29 वर्षांची आहे. शाळेत शिकवते, नागपुरात प्रतापनगरला राहते. वजन 54 किलो, उंची 157 सेंटिमीटर. आठवड्यातले पाच दिवस सकाळी अंबाझरीकडे पळायला जाते, आठवड्याचे 40 किलोमीटर होतात. हिवाळ्यात हाफ मॅरेथॉन करायची आहे. हलकी झाले की वेग वाढेल म्हणून अ‍ॅपनं सांगितल्याप्रमाणे रोज 1200 कॅलरीच खाते. भात सोडला, रात्री फक्त सूप घेते. सुरुवातीला छान वाटलं. आता पाय जड पडतात, रात्री भुकेनं जाग येते आणि दोन महिने पाळी आलेली नाही. मैत्रीण म्हणते, पळणाऱ्या मुलींचं असं होतंच. आई म्हणते, पळणंच बंद कर. मी नेमक्या किती कॅलरी घेऊ? आणि रविवारी ग्रुपसोबत तर्री पोहे खाल्ले तर चालेल का?

उत्तर : आधी पाळीचं बोलू, कॅलरी नंतर. ‘असं होतंच’ हे मी इतक्या मुलींकडून ऐकते की आता त्याचा राग येतो. खाणं खर्चाला पुरेना झालं की शरीर काटकसर करू लागतं आणि पाळीवर त्याचा परिणाम लवकर दिसतो. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन घटलेलं असतं, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा गेला, तर कित्येक आठवडे पळणं विसर. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस (खेळाडूच्या शरीराला खर्चाच्या मानानं ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं आणि ती पुरुष खेळाडूंनाही होते हे स्पष्ट सांगितलं. तू याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओडी यांची तपासणी झाल्याशिवाय सगळं खाण्यावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. रक्त देशीलच, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही करून घे, त्यातून शरीरातला लोहाचा साठा कळतो.

आता हिशेब. तुझ्या वयाच्या, वजनाच्या आणि उंचीच्या बाईचं शरीर दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी साधारण 1200 कॅलरी खर्च करतं. तू खातेस ते सगळं तिथंच संपतं. वर्गात उभं राहणं, जिने, घरचं काम धरलं की आकडा 1700 ते 1800 वर जातो. पळण्याचा खर्च काढणं सोपं आहे : वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरमागे सुमारे 1 कॅलरी. 54 किलो आणि 40 किलोमीटर म्हणजे आठवड्याला 2160, दिवसाला सरासरी 300. अ‍ॅपच्या 1200 मधून हे 300 वजा केले की बाकी सगळ्या शरीरासाठी 900 उरतात. चरबी सोडून तुझं वजन 42 किलोच्या आसपास असेल, तर किलोमागे जेमतेम 21 कॅलरी झाल्या. 30 च्या खालचा आकडा धोक्याचा मानतात, हवा तो 45 च्या जवळपास. म्हणून माझं उत्तर : रोज 2100. पाळी परत येईपर्यंत 2200 झाल्या तरी चिंता करू नकोस. एकदम उडी मारू नको, रोजच्या खाण्यात दर आठवड्याला 300 वाढवत जा.

भात उद्यापासून परत ताटात आण. पळताना स्नायू त्यांच्यात साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालतात आणि तो साठा पोळी, भाकरी, भात, बटाटा यांतूनच भरतो. तुझे पाय जड पडतात यामागे हा रिकामा साठा असण्याची दाट शक्यता आहे. सकाळी निघण्याआधी एक केळं. परतल्यावर तासाभरात पोटभर नाश्ता, त्यात दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी. दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, वरण, भाजी, त्यावर जवसाची चटणी आणि कच्चं तेल, आपल्याकडे खातात तसंच. मधल्या सुट्टीत मूठभर शेंगदाणे आणि गूळ. संध्याकाळी दूध. रात्री सूप घ्यायचं असेल तर घे, पण त्यानंतर वरण-भात-तूपही घे. प्रथिनं दिवसाला 70 ते 80 ग्रॅम व्हायला हवीत.

चहा मात्र जेवणापासून तासभर लांब ठेव, अन्नातलं लोह शोषू देत नाही. जेवणासोबत लिंबू पिळ किंवा संत्रं खा, त्यातल्या क जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. तुझा सराव ऐन रंगात येईल तेव्हा आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात येणारी, संत्री बाजारात आलेलीच असतील. रस नको, फोडीच खा.

तर्री पोहे, म्हणजे चण्यांचा तिखट रस्सा घातलेले पोहे? खुशाल खा. साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत 210 कॅलरी, बहुतेक सगळ्या कर्बोदकांच्या, आणि चण्यांतून थोडी प्रथिनं. लांब पळून आल्यावर शरीराला हेच हवं असतं. अडचण त्या लाल तवंगाची आहे. गाडीवर नीट बघ : भगोण्यात चणे तळाशी बसलेले असतात आणि तेल-तिखट वर तरंगतं, घाईच्या वेळी पळी वरच्या वरच फिरते. दहा-बारा किलोमीटर पळाल्यावर पोट आधीच नाजूक झालेलं असतं, तिथं हे तिखट झोंबतं. ‘भाऊ, खालून काढून द्या, चणे जास्त’ एवढं म्हणायचं. वर कांदा, हिरवा सांबार (कोथिंबीर) आणि भरपूर लिंबू. सोबत ताक मिळालं तर सोन्याहून पिवळं, घामातून गेलेलं मीठ-पाणीही भरून येतं.

पळणं बंद करू नकोस, पण पाळी येईपर्यंत आठवड्याला 20 किलोमीटरच्या वर जाऊ नकोस आणि वेगाचा सराव थांबव. हाफ मॅरेथॉन या हिवाळ्यात झाली नाही तर पुढच्या हिवाळ्यात होईल. आईलाही हे पत्र वाचायला दे, तिची काळजी खरी आहे.

प्रश्न : मॅडम, मी 20 वर्षांचा आहे, वजन 58 किलो. पोलीस भरतीसाठी रेशीमबाग मैदानावर 1600 मीटरचा सराव करतो. खोली करून राहतो, स्वयंपाक स्वतः करतो. दोस्त म्हणतात प्रोटीन पावडर घ्यावीच लागते. ती परवडत नाही.

उत्तर : घेऊ नकोस. तुला दिवसाला 80 ते 85 ग्रॅम प्रथिनं पुरेत आणि ती किराण्याच्या दुकानात मिळतात. अर्धा लिटर दुधात 16 ग्रॅम, दोन अंड्यांत 12, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत 13, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत 10 आणि तीस ग्रॅम सोयाबीन वडीत 15. झाले 66. उरलेली पोळ्या आणि दोन वाट्या वरण भरून काढतात. वडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-टमाट्याच्या रश्शात टाक, दहा मिनिटांत भाजी होते.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. एकटी राहणारी मुलं पैसे वाचवायला रात्रीचं जेवण गाळतात आणि सकाळी रिकाम्या पोटी जोरात पळतात. ते करू नकोस. रात्री पोटभर भात-वरण, सकाळी पळण्याच्या पाऊण-एक तास आधी केळं किंवा गुळाचा खडा. भरपेट जेवलास तर मात्र तीन तास जाऊ दे. फुटाणे संध्याकाळी खा, सकाळी खाल्लेस तर धावताना पोटात गॅस धरेल.