वाचकांचे प्रश्न: जुना स्कोप सुरू होतो, पण रेघच दिसत नाही

प्रश्न: माझ्याकडे टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा जुना ४६५ ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र) आलाय. फॅन फिरतो, लाइट लागतो, पण पडद्यावर काहीच नाही, बीम फाइंड (हरवलेली रेघ पडद्यावर आणणारं बटण) दाबलं तरी नाही. मॅन्युअल बघून व्होल्टेज मोजले तर १५ व्होल्टच्या जागी ०.४ येतंय. ओळखीचे सगळे म्हणतात सगळे कॅपॅसिटर बदलून टाक. बदलू का?

उत्तर: नका बदलू, निदान आत्ता तरी नाही. सरसकट सगळं उपसून बदललं की एक बिघाड जातो आणि उलटा लावलेला एखादा कॅपॅसिटर, उखडलेला ट्रॅक असे दोन नवे येतात, मग मूळचा कुठला आणि आपण केलेला कुठला हेच कळत नाही. आणि तुमचं अर्धं काम झालंय की, १५ व्होल्टची लाइन, म्हणजे आतल्या बोर्डांना १५ व्होल्ट पुरवणारा सप्लाय, बसलीय हे तुम्ही शोधलंत. त्याआधी ५५ व्होल्टची लाइन नीट आहे ना ते बघा, कारण या मॉडेलमध्ये बाकीच्या लाइन तिच्यावरून ठरतात, ती हलली की सगळंच हलतं. (तिची ॲडजस्टमेंट मात्र फिरवू नका, सगळं कॅलिब्रेशन जाईल.)

५५ बरोबर असेल तर मेनची वायर काढून, थोडा वेळ थांबून, १५ ची लाइन आणि ग्राउंड यांच्यात ओहम मोजा. दोन-तीन ओहम आले तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि या काळातल्या मशीनमध्ये पहिला संशय टँटलम कॅपॅसिटरवर, ते थेंबासारखे रंगीत छोटे असतात ते. म्हातारपणी ते बऱ्याचदा थेट शॉर्ट होतात, आणि बाहेरून बघाल तर अगदी नवेकोरे.

पण लाइनवर ते बरेच असतात, त्यातला चोर कुठला? आधी बोर्डांचे कनेक्टर एकेक काढून बघा, ज्याच्यामुळे ओहम एकदम वाढले तो बोर्ड. मग बेंच सप्लायवरून (हवं ते व्होल्टेज देणारा टेबलावरचा सप्लाय) त्या लाइनला करंट लिमिट लावून जेमतेम अर्धा व्होल्ट द्या, एवढ्यावर ट्रान्झिस्टर, आयसी जागे होत नाहीत, आणि मीटर मिलिव्होल्टवर ठेवून काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब ट्रॅकवरून पुढे सरकवत जा. आकडा थोडाथोडा उतरत जातो आणि शॉर्टच्या पुढे गेलात की उतरायचा थांबतो, कारण तिथून पुढे करंटच नाही. जिथे थांबला तिथलाच कॅपॅसिटर. मला या कामातला हा सगळ्यात मजेशीर भाग वाटतो. वाटेत एखादा काळवंडलेला रेझिस्टर दिसला तर मोजायचीसुद्धा गरज नाही, त्याच्या पुढचा टँटलम काढा.

नवा २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. टँटलमवर खूण प्लसची असते, ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवर मायनसची, इथे भलेभले चुकतात, आणि उलटा लावलेला टँटलम फटाक्यासारखा फुटतो.

कोणी सांगेल मेनमध्ये सीरिजला जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब लावा, शॉर्ट असला तर तो जोरात पेटेल. जरूर लावा, पण तो मंद राहिला म्हणजे सगळं ठीक असं समजू नका, लाइन शॉर्ट असली तरी तिचं व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर स्वतःच करंट अडवतो. आणि पडद्याच्या ट्यूबच्या बाजूला हात घालू नका, तिथे हजारो व्होल्ट आहेत आणि बंद केल्यावरही चार्ज राहतो.

प्रश्न: व्हॉल्व्हवाल्या टेक्ट्रॉनिक्स ५४५ मध्ये पार्ट पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांवर सोल्डर केलेत. साधं सोल्डर चालेल का?

उत्तर: नाही. त्या पट्टीच्या खाचेत चांदीचा थर असतो आणि साधं सोल्डर तो हळूहळू विरघळवून घेतं, दोन-चारदा गरम केलंत की खाचेला काही चिकटतच नाही. साधारण ३ टक्के चांदी असलेलं सोल्डर घ्या. कव्हर उघडून आत बघा, कंपनी याच कामासाठी सोल्डरचं छोटं रीळ आतच ठेवायची, कोणी काढून घेतलं नसेल तर अजून तिथेच असेल.