गड्ड्याला जर्मनीचा पाहुणा

प्रश्न: माझा जोडीदार जर्मनीचा आहे, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला येतोय, घरच्यांना भेटवायचंय. व्हिसा मी काढायचा का त्यानं?

उत्तर: ताई, त्यानंच, ई-टुरिस्ट व्हिसा, सगळं ऑनलाइन, फोटो आणि पासपोर्टचं फोटोवालं पान अपलोड करायचं आणि भारतातला रेफरन्स म्हणून तुमचं नाव-पत्ता टाकायचा. पासपोर्ट इथं पोचल्यावर पुढं 6 महिने तरी चालणारा हवा. नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा, मधलं नावसुद्धा, लोक तिथंच चुकतात बघा. साइट फक्त सरकारीच, एजंटांच्या साइटी हुबेहूब तशाच दिसतात आणि पैसे जास्त घेतात. आणि तुमच्याच घरी उतरणार असेल तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन सरकारला कळवायची, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं.