पुण्यात रेडिओ सिलोन ऐकल्याच्या आठवणी सांगाल का? आणि इतक्या लांबचं स्टेशन तेव्हा लागायचं कसं?

तुमचे दोन्ही प्रश्न वाचले आणि पहिल्यांदा आठवली ती जाळीची एरियल. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेची विणलेली पट्टी ताणलेली होती. तिच्यावर कपडे वाळत घातले की अण्णा रागवायचे. खाली कोनाड्यात मर्फीचा सेट होता, त्यावर आईने विणलेला रुमाल. तो 1958 साली जुना विकत घेतला, तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि दादा बारा. घरात रेडिओ ठेवायला लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन ते पुस्तक भरून आणायचं काम दादाचं.

बटण दाबल्यावर आवाज लगेच यायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट तरी जायचं. आधी काच उजळायची, मग खरखर सुरू व्हायची, आणि त्या खरखरीतून सिलोन शोधायचं. पुणे केंद्र कोणीही लावावं, ते मिडियम वेव्हवर होतं. सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेतलं कोलंबोचं स्टेशन, शॉर्टवेव्हवर होतं, त्याला हात हलका लागायचा. काटा केसभर सरकला तर शेजारच्या कुठल्या तरी परक्या भाषेतल्या बातम्या चालू व्हायच्या. अण्णांनी काचेवर 25, 31 आणि 41 मीटर या शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांच्या जागी कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवल्या होत्या, तरीही स्टेशन लावावं ते दादानेच.

आता लागायचं कसं ते सांगते. मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने जातात आणि थोड्या अंतरावर विरतात. शॉर्टवेव्हच्या लहरी आभाळाकडे जातात. तिथे उंचावर विद्युतभारित हवेचे थर आहेत, त्यांच्यावरून त्या परत खाली वळतात. कोलंबो ते पुणे सरळ रेषेत सुमारे 1,400 किलोमीटर, म्हणजे अशा एका उडीत सहज येणारं अंतर. पण हे थर स्थिर नसतात. ऊन वाढलं, मावळलं, ऋतू बदलला की तेही बदलतात, म्हणून सकाळी एका मीटरवर खणखणीत येणारं स्टेशन रात्री दुसऱ्या मीटरवर शोधावं लागे. शिवाय एकाच लहरीचे दोन-तीन भाग वेगवेगळ्या वाटांनी येतात. कधी ते एकमेकांना बळ देतात, कधी एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून गाणं लाटेसारखं जवळ यायचं आणि लांब जायचं. अंतऱ्याची एक ओळ कानाशी, तर दुसरी जणू नदीपलीकडून.

आपल्याच गाण्यांसाठी कोलंबोकडे कान लावायची वेळ का आली, हेही सांगायला हवं. 1952 साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी उथळ वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली, आणि रेडिओ सिलोनच्या व्यापारी विभागाला, क्लिफर्ड डॉड नावाचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ तो चालवत असे, सगळा हिंदुस्थान आयता मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टूथपेस्टच्या कंपनीने ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. तिचे निवेदक अमीन सयानी मुंबईत बोलायचे, ती टेप विमानाने कोलंबोला जायची, आणि तिथून समुद्र ओलांडून तो आवाज आमच्या पेठेत यायचा. मुंबई पुण्यापासून रेल्वेने 192 किलोमीटर! हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. तोवर मला वाटे, हा माणूस तिकडे नारळाच्या झाडाखाली बसून ‘बहनो और भाइयो’ म्हणतो.

बुधवारी रात्री आठला गीतमाला, लोकप्रिय गाण्यांची खालून वर चढत जाणारी यादी. त्या दिवशी परवचा लवकर उरकायचा, पानं लवकर घ्यायची, आणि आठच्या ठोक्याला वाड्यातली सात-आठ मुलं आमच्या उंबऱ्यात. मधल्या चौकातही दोन-चार बायका काहीतरी निवडत बसलेल्या असायच्या, ऐकत नाही असं दाखवत. मी आणि दादा वहीत यादी उतरवायचो. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, म्हणजे कितव्या नंबरावर, मागच्या बुधवारी कितवं होतं, वर चढलं की उतरलं. आवाज नेमका एखाद्या शब्दावर बुडाला की तिथे रिकामी जागा सोडायची. दुसऱ्या दिवशी शाळेत ती भरून मिळायची, कारण शनिवार पेठेतल्या कुणाच्या तरी घरी तोच शब्द स्वच्छ आलेला असे. आमच्या वर्गातल्या मुलींना गाणी अशी वाटून वाटून पाठ झाली.

रोज सकाळचं वेगळं. साडेसात ते आठ जुनी गाणी लागायची आणि शेवटचं गाणं सैगलचं. सैगल सुरू झाला की आई हाक मारायची, “वेण्या झाल्या का गं?” घड्याळ बघायची गरज नव्हती.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. तो बुधवार होता. पाणी पेठेत शिरतंय असा ओरडा झाला तेव्हा अण्णांनी रेडिओ कोनाड्यातून काढून माळ्यावर ठेवला. माळा पुरेसा उंच आहे असं त्यांना वाटलं. आम्ही हाताला लागेल ते घेऊन पर्वतीच्या दिशेने चालत सुटलो, आणि संध्याकाळी भवानी पेठेत मामाकडे पोचलो. वीज नव्हती. कंदिलाभोवती आम्ही नऊ-दहा माणसं होतो, कोण सापडलं आणि कोण नाही एवढंच बोलणं चाललं होतं. मग कधीतरी दादा अगदी हळू म्हणाला, “आता गीतमाला लागली असेल.” मला वाटलं आई रागवेल. ती काही बोलली नाही. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी परतलो तेव्हा माळ्यापर्यंत चिखलाची रेघ होती. सेटच्या लाकडाचे पापुद्रे सुटले होते, स्पीकरचा कागद विरघळला होता, वह्यांचा लगदा झाला होता. अण्णांनी रेडिओ पुसून, वाळवून बुधवार पेठेत दुरुस्तीला दिला. तो बोलायला लागला, पण शॉर्टवेव्ह गेली ती गेलीच. फक्त पुणे लागायचं. नवा सेट घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती, आधी भांडी आणि अंथरुणं घ्यायची होती.

पुढची दोन वर्षं दादा दर बुधवारी एका इराण्याच्या हॉटेलाबाहेर फुटपाथवर उभा राहायचा. आत बसायला चहाचे पैसे लागत. मुलीने रात्री तिथे जायचं नाही, म्हणून मी उंबऱ्यात वाट बघायची. तो धावत यायचा आणि धाप लागलेल्या आवाजात खालून वर एकेक पायदान सांगायचा, मी नव्या वहीत लिहायची. गीतमालेत शेवटच्या, पहिल्या नंबराच्या गाण्याआधी बिगुल वाजायचा, मधेच थांबून तो बिगुलसुद्धा दादा तोंडाने वाजवायचा! माझ्यासाठी त्या दोन वर्षांची गीतमाला म्हणजे दादाचा आवाज.

पुढे आमच्याकडे ट्रान्झिस्टर आला. मग 1 नोव्हेंबर 1967 ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, मुंबई, नागपूर आणि पुणे या तीन केंद्रांपासून. इतकी स्वच्छ गाणी दिवसभर घरात आली की सिलोनच्या खरखरीत काटा सरकवत बसणारे हळूहळू कमी झाले. गीतमालाही अखेर 1989 मध्ये विविध भारतीवर आली.

नव्या वहीचं पहिलं पान मात्र मी कोरं ठेवलं होतं, पुराच्या बुधवारसाठी. नागपूरच्या मावसबहिणीलाही यादीचा नाद होता. आम्ही सुखरूप आहोत हे कळवताना मी शेवटी तेवढं विचारलं. पंधरा दिवसांनी तिचं पोस्टकार्ड आलं. मुंगीच्या अक्षरात सगळी यादी, आणि समासात, ‘या बुधवारी आमच्याकडे अजिबात खरखर नव्हती.’ ते कार्ड मी खळीने पहिल्या पानावर चिकटवलं.

20 फेब्रुवारी 2024 ला अमीन सयानी गेले. त्या रात्री दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं काही न बोलता त्याने विचारलं, “ते कार्ड आहे ना तुझ्याकडे?” मी वही काढली, चष्मा लावला आणि त्याला खालून वर एकेक पायदान वाचून दाखवलं. शेवटच्या गाण्याआधी मी थांबले, आणि पलीकडून त्याने बिगुल वाजवला.