म्युटंट वाढतोय म्हणून प्रोजेक्ट सोडू नकोस

अगं,

तुझा मेल वाचला. डायनिन म्हणजे पेशीतल्या गोष्टी ओढणारं मोटर प्रोटीन, त्याचा जीन काढला तरी यीस्टचा हा म्युटंट प्लेटवर मजेत वाढतोय, मग हा प्रोजेक्ट सोडून दुसरा घेऊ का, असं विचारलंयस. सोडू नकोस. तुझ्या हाती आलंय ते अपयश नाहीये, तिथूनच तर खरी गंमत सुरू होते, आणि मला हे कळायला फार वेळ लागला म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी पेशीची अडचण काय आहे ते बघ. आपल्या पेशींमध्ये आधी स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारा सांगाडा, बसतो आणि तो जिथे असेल त्याप्रमाणे पेशी कुठे चिरायची ते ठरतं. बेकरच्या यीस्टमध्ये उलटं आहे, कळी, म्हणजे आई पेशीच्या अंगावर वाढणारी लेक पेशी, कुठे फुटणार ते खूप आधीच ठरून जातं, दोघींमधली मान तिथेच राहणार, आता केंद्रकाने तिथपर्यंत यायचं आणि स्पिंडलने आई-कळीच्या रेषेत आडवं व्हायचं. ती मान जेमतेम एक मायक्रॉन रुंद, केंद्रक दोनच्या आसपास, त्यात केंद्रकाचं आवरण विभाजनाच्या वेळी फुटतही नाही, त्यामुळे सगळं केंद्रक ताणून मानेतून पलीकडे न्यावं लागतं. ओढायला दोरी म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, प्रोटीनच्या बारीक नळ्या. स्पिंडलच्या प्रत्येक टोकाला आवरणातच रुतलेली जी स्पिंडल पोल बॉडी असते ना, तिच्या बाहेरच्या बाजूने ते निघतात.

ही दोरी ओढायचे दोन रस्ते आहेत. पहिला कार९ चा. हे प्रोटीन बिम१ या दुसऱ्या प्रोटीनला धरून मायक्रोट्यूब्यूलच्या टोकावर बसतं, मायो२ नावाची मोटर त्याला पकडते आणि ॲक्टिनच्या तारांवरून कळीकडे चालत सुटते, असं करत केंद्रक मानेपाशी येतं आणि स्पिंडल रेषेत लागतो. दुसरा रस्ता तुझ्या डायनिनचा, तो मुख्यतः नंतर, ॲनाफेजमध्ये, म्हणजे गुणसूत्रं वेगळी होताना. डायनिन मायक्रोट्यूब्यूलच्या टोकावर बसून कळीच्या कडेपर्यंत जातं, तिथे नम१ हे प्रोटीन त्याला घट्ट धरून ठेवतं, आणि मग ते जागचं न हलता दोरी ओढून घेतं. एक रस्ता बंद केलास तर दुसरा वेळ निभावून नेतो, दोन्ही बंद केलेस तर पेशी जगत नाहीत. तेव्हा प्लेटवर कॉलनी दिसली याचा अर्थ डायनिनचं काही काम नाही असा होत नाही, कॉलनी फक्त शेवटी निभावलं एवढंच सांगते.

मी सुरुवातीला काय केलं होतं सांगते. पेशी फिक्स केल्या, म्हणजे मारून आहेत तशा गोठवल्या, डॅपी या रंगाने डीएनए रंगवला, एकाच आईमध्ये दोन गोळे आणि शेजारी मोठी रिकामी कळी अशा पेशी मोजल्या आणि विभाजन फसलं असं मीटिंगमध्ये ठामपणे सांगून मोकळी झाले. पुढे तोच म्युटंट जिवंत ठेवून दर मिनिटाला एक फोटो घेत बसले तेव्हा दिसलं की ती पेशी फसलेली नव्हतीच, थांबलेली होती. स्पिंडल आईतच लांब झाला, आईच्या भिंतीला टेकून वाकला, दोन्ही टोकं आत, कळी रिकामी, आणि पेशी तशीच थांबून राहिली, मग कधीतरी एक टोक मानेत शिरलं, स्पिंडल सरळ झाला आणि तेव्हाच कुठे पेशी तुटली. फिक्स केलेल्या फोटोत थांबलेली आणि फसलेली पेशी सारखीच दिसते गं, म्हणून एका फोटोवर काहीही ठरवू नकोस.

ती थांबते कशामुळे, तर मायटोसिसमधून, म्हणजे केंद्रकाच्या विभाजनातून, बाहेर पडायचा सिग्नल टेम१ या प्रोटीनकडून येतो आणि टेम१ बसतं स्पिंडल पोल बॉडीवर. बब२ आणि बीएफए१ मिळून त्याला दाबून ठेवतात. आईच्या बाजूला किन४ हा दाब टिकवतं, कळीत एलटीई१ तो सुटायला मदत करतं. म्हणजे एक टोक कळीत पोचलं का हे पेशी जागेवरून ओळखते, हाच तिचा चेकपॉइंट. मला अजूनही हे फार सुंदर वाटतं.

मूव्ही घेताना लाइट कमीत कमी ठेव, जास्त लाइटने पेशी आजारी पडते आणि तुला वाटतं चेकपॉइंटनेच थांबवली. मायक्रोट्यूब्यूल ज्याचे बनतात त्या ट्युब्युलिनला जीएफपी हे चमकणारं प्रोटीन लावलंयसच, सोबत मानेभोवती कडं करणाऱ्या सेप्टिनला दुसरा रंग लाव, मान नेमकी कुठे ते कळल्याशिवाय स्पिंडल आत गेला की नाही हे सांगता येत नाही. आणि झेड-स्टॅक, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकेका पातळीचे फोटो, घेच, वरच्या दिशेने आलेली कळी एका प्लेनमध्ये दिसतच नाही.

मायो२ चा म्युटंट पण घेऊ का असं विचारलंयस, तर नको. तीच मोटर पेशीतले इतर भागही कळीत नेते, व्हॅक्युओल नेते, माइटोकॉन्ड्रिया नेते, पेरॉक्सिझोम नेते, ती बिघडवलीस तर सगळंच एकदम बिघडेल आणि कशामुळे काय झालं ते सुटणार नाही. प्रत्येकाचा जोडणारा दुवा वेगळा आहे, व्हॅक्युओलचा व्हॅक१७, पेरॉक्सिझोमचा आयएनपी२, तो एकेक काढ. व्हॅक१७ तर कळीत पोचल्यावर मोडून टाकलं जातं, म्हणून व्हॅक्युओल तिथेच उतरतं, परत आईकडे येत नाही. पण हे नंतर.

आत्ता एवढंच कर, तुझ्या डायनिनच्या म्युटंटमध्ये बब२ पण काढ आणि त्याच पेशींची मूव्ही घे. आता थांबवणारं कोणी नसेल, तेव्हा दोन केंद्रकं असलेली आई आणि एकही नसलेली कळी खरोखर वेगळ्या झालेल्या दिसतील. दोन्ही मूव्ही शेजारी शेजारी लावून मला पाठव.