बायबल शब्दशः खरं मानायचं की साहित्य म्हणून वाचायचं? ख्रिश्चन लोक नक्की काय करतात?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की एक ख्रिश्चन मित्र म्हणतो जग सहा दिवसांत झालं, पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, बायबलमध्ये आहे म्हणजे आहे. दुसरा मित्रही ख्रिश्चनच, पण तो म्हणतो हे सगळं प्रतीकात्मक आहे. मग यातला खरा ख्रिश्चन कोण आणि बायबलमधला तो योना संदेष्टा खरंच तीन दिवस माशाच्या पोटात होता का? दोघेही खरे ख्रिश्चन, हे आधी सांगून टाकतो. योनाकडे शेवटी येतो. मी स्वतः ख्रिश्चन आहे, बायबल स्टडीला नियमित बसतो, आणि हा वाद इतक्यांदा ऐकलाय की पुढचं वाक्य कोण काय बोलणार ते आधीच कळतं.

माझं म्हणणं असं की अख्खं बायबल शब्दशः घेणारा माणूस अस्तित्वातच नाही. येशू म्हणतो तुझा उजवा डोळा तुला पापाला प्रवृत्त करत असेल तर तो उपटून फेकून दे (मत्तय ५), आणि आम्ही प्रत्येक शब्द जसाच्या तसा मानतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्या मंडळींचे दोन्ही डोळे जागेवर असतात. स्तोत्रांमध्ये नद्या टाळ्या वाजवतात, यशयामध्ये झाडं टाळ्या वाजवतात, तिथे कोणी हट्ट धरत नाही. आणि उलट बाजूला सगळंच प्रतीक म्हणणारा माणूससुद्धा "शेजाऱ्यावर प्रीती कर" हे प्रतीक आहे असं म्हणत नाही, ते तो अगदी शब्दशः घेतो. म्हणजे रेघ सगळेच मारतात, भांडण फक्त ती कुठे मारायची याचं आहे.

आणि रेघ कुठे पडते ते बघण्यासारखं असतं, कारण माणसं आपण कायम एकाच बाजूला आहोत असं समजतात आणि प्रत्यक्षात उड्या मारत असतात. उदाहरण म्हणजे प्रभुभोजन, चर्चमधला भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. येशू भाकर हातात घेऊन म्हणतो "हे माझे शरीर आहे". इथे कॅथलिक म्हणतात शब्दशः, भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. बरेचसे इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर सगळा भर देणारे प्रोटेस्टंट, म्हणतात नाही, ही आठवण आहे, चिन्ह आहे. आता याच दोघांना उत्पत्तीचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, पहिला अध्याय उघडून द्या, तर कॅथलिक माणूस बहुतेक वेळा म्हणेल सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे सहा दिवस असं काही नाही, आणि इव्हँजेलिकलांमधले बरेच जण म्हणतील शब्दशः! बाजू अदलाबदल. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गला लूथर आणि झ्विंगली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक एकत्र बसले, पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर त्यांचं जमलं आणि पंधराव्यात प्रभुभोजनावर अडलं. लूथरने "हे माझे शरीर आहे" हे वाक्य खडूने टेबलावर लिहून ठेवलं होतं म्हणतात, म्हणजे मागे हटायचा प्रश्नच नाही. दोघंही बायबलच अंतिम प्रमाण मानणारे, आणि तरी एक म्हणतो जसं लिहिलंय तसं, दुसरा म्हणतो अर्थ बघ.

मला विचाराल तर या प्रश्नात सगळ्यात कमी बघितली जाणारी गोष्ट म्हणजे बायबल स्वतः शब्दशः ऐकणाऱ्यांची चक्क मजा घेतं. योहानाचं शुभवर्तमान वाचा, तिथे तर हा पॅटर्नच आहे. येशू निकदेमला म्हणतो नव्याने जन्मलं पाहिजे, तर हा एवढा मोठा शिक्षक विचारतो की म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार? शोमरोनी बाईला तो जिवंत पाण्याबद्दल सांगतो, ती म्हणते मग दे की मला ते पाणी, विहिरीवर यायचे हेलपाटे तरी वाचतील. मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभं करतो असं तो स्वतःच्या शरीराबद्दल म्हणतो, आणि समोरचे लोक हिशोब मांडतात की हे बांधायला सेहेचाळीस वर्षं लागली. आणि मत्तय १६ मध्ये तर शिष्यच. येशू म्हणतो परूश्यांच्या (त्या काळच्या कर्मठ धर्मपंथाच्या) खमिरापासून सांभाळा, म्हणजे त्यांच्या शिकवणुकीपासून, आणि हे आपसात कुजबुजायला लागतात की आपण भाकरी आणायला विसरलो म्हणून बोलतोय वाटतं. येशू वैतागतो अक्षरशः.

जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूच्या आधीच्या भागात, याहून जबरदस्त प्रसंग आहे. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवला, आणि मग नाथान संदेष्टा येऊन त्याला एक गोष्ट सांगतो, एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी घेऊन पाहुण्याला कापून घातली. दावीद ती खरी घडलेली केस समजतो, भडकतो, त्या माणसाला मरणदंड झाला पाहिजे म्हणतो. आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच आहेस (२ शमुवेल १२). आता सांगा, ती मेंढी कधी अस्तित्वातच नव्हती म्हणून नाथान खोटं बोलला का? त्या दिवशी दरबारात त्याच्याइतकं खरं दुसरं कोणीच बोललं नसेल. म्हणून "साहित्य म्हणून वाचतो" याचा अर्थ "खोटं समजतो" असा लावणारे लोक भेटले की मी त्यांना हा अध्याय वाचायला सांगतो.

अजून एक जागा, जुन्या करारातल्याच शास्ते या पुस्तकाचे अध्याय ४ आणि ५. एकच घटना दोनदा, आधी गद्यात मग गाण्यात. चौथ्या अध्यायात शत्रूचा हरलेला सेनापती सीसरा पळून याएल नावाच्या बाईच्या तंबूत येतो, झोपतो, ती तंबूची मेख त्याच्या कानशिलातून जमिनीपर्यंत ठोकते. पाचव्यात दबोरा या संदेष्ट्रीचं गाणं, तिथे आकाशातले तारे सीसराशी लढतात, तो तिच्या पायांशी कोसळतो, पुन्हा कोसळतो, आणि मग एकदम त्याची आई खिडकीतून वाट बघत बसलीय की रथ अजून का नाही आला. तारे खरंच लढले का असा प्रश्न कोणाला पडत नाही कारण गद्य शेजारीच आहे. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी ठेवले त्यांना कविता आणि हकीकत यातला फरक बरोबर कळत होता, हे आपण विसरतो. आपल्याला वाटतं जुने लोक भाबडे होते. भाबडे नव्हते.

सहा दिवसांचं म्हणाल तर तिथेही शंका डार्विनमुळे सुरू झाली असं समजू नका. पहिल्या दिवशी प्रकाश आणि सूर्य थेट चौथ्या दिवशी. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती विद्वान ओरिजेन विचारतोय की सूर्य नसताना पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन या बिशपने उत्पत्तीवर एक मोठं भाष्य लिहिलं, त्याच्या नावातच "शब्दशः अर्थ" आहे आणि आत तो म्हणतो हे दिवस आपल्या दिवसांसारखे नसावेत, देवाने सगळं एकदमच निर्माण केलं. शिवाय तो ख्रिश्चनांना दम देतो की आकाश-पृथ्वीबद्दल जाणकार परधर्मीयांसमोर बायबलचा हवाला देऊन काहीही बरळू नका, ते हसतील आणि मग पुनरुत्थानाबद्दल, म्हणजे मेलेलं पुन्हा जिवंत होण्याबद्दल, तुमचं ऐकतील कशाला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने तर मुद्दाच साफ केला, म्हणाला शब्दशः अर्थ म्हणजे लेखकाला जे म्हणायचंय तो अर्थ, त्यामुळे "देवाचा हात" म्हटलं तर तिथे शब्दशः अर्थ देवाचं सामर्थ्य हाच, देवाला हात आहे असा नाही.

सहा हजार वर्षांचा आकडा सगळ्यात प्रसिद्ध झाला तो आयर्लंडच्या आर्चबिशप अशरमुळे. त्याने १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळींची बेरीज आणि इतर प्राचीन इतिहासाची जुळवाजुळव करून जगाची सुरुवात ख्रिस्तपूर्व ४००४, ऑक्टोबर २३ ला नेऊन ठेवली. मेहनत अफाट होती माणसाची, त्याची टिंगल करू नये. पण गंमत अशी की १९२५ च्या अमेरिकेतल्या टेनेसीच्या त्या गाजलेल्या खटल्यात, जिथे स्कोप्स नावाच्या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याचा आरोप होता, बायबलच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनला विरुद्ध पक्षाच्या वकिलाने, डॅरोने, साक्षीला बसवलं, आणि ब्रायनने तिथे मान्य केलं की ते सहा दिवस चोवीस तासांचे नव्हेत. "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा" म्हणजे माणूस मिठाचा बनलाय असा आपला आग्रह नाही हेही म्हणाला. तुमचा पहिला मित्र मानतो त्या पद्धतीची आजची मोठी लाट बरीच नंतरची, १९६१ च्या आसपासपासूनची, जेव्हा जलप्रलयाने भूगर्भशास्त्र समजावणारी पुस्तकं खपायला लागली.

अधिकृत भूमिका म्हणाल तर कॅथलिक चर्चने १९४३ आणि १९६५ च्या दस्तऐवजांत साहित्यप्रकार लक्षात घेऊनच वाचा असं स्पष्ट सांगितलंय. आणि १९७८ चं शिकागो निवेदन, जे बायबलमध्ये चूक नाहीच म्हणणाऱ्या कट्टर इव्हँजेलिकल लोकांचं आहे, त्यातही अतिशयोक्ती आणि गोळाबेरीज आकडे म्हणजे चूक नव्हे असं लिहिलंय. कागदावर अंतर वाटतं तेवढं नाही.

पण हा सगळा खेळ नुसता डायनासोर आणि दिवसांचा असता तर मी एवढं टाइप केलं नसतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांकडे "दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा" (इफिसकरांस ६) हे सरळ वचन होतं, पानावर छापलेलं, अर्थ लावायची गरजच नाही असं. गुलामगिरीविरोधी लोकांकडे एकच नेमकं वचन नव्हतं, त्यांना माणूस देवाच्या प्रतिरूपाचा, ख्रिस्तात दास नाही स्वतंत्र नाही, निर्गम पुस्तकातली इस्राएलांची मिसरच्या गुलामीतून सुटका, असं सगळं जोडून पूर्ण पुस्तक कुठे चाललंय ते दाखवावं लागलं. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतला मोठा प्रोटेस्टंट गट १८४५ मध्ये याच वादातून वेगळा झाला आणि त्याची माफी त्यांनी १९९५ मध्ये मागितली. दीडशे वर्षं! बोट ठेवता येईल असं वचन हातात असलं की माणूस स्वतःला वाचक समजतच नाही, त्याला वाटतं मी फक्त पोचवतोय, आणि मला सगळ्यात धोका तिथे वाटतो.

आता तुमच्या दुसऱ्या मित्रालाही सोडत नाही. "प्रतीकात्मक आहे" हे वाक्य बरेचदा आळशीपणाचं असतं. कशाचं प्रतीक, का, हे विचारलं की गप्प. आणि जिथे लेखक स्वतः सांगतो की मी चौकशी करून लिहितोय, लूकच्या शुभवर्तमानाची पहिली चार वचनं बघा, तिथे त्याच्यावर जबरदस्तीने रूपक लादणं म्हणजेही न वाचणंच. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिश्चनांना पत्रात सरळ लिहितो, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ. त्याला वसंत ऋतूचं रूपक सांगायचं नव्हतं. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण तो काय म्हणतोय ते तरी तो म्हणतोय तसं घ्या. मी स्वतः पुनरुत्थान घडलेलंच मानतो आणि एदेन बागेतला बोलणारा साप गोष्ट म्हणून वाचतो, आणि हो, मला दोन्हीकडून शिव्या बसतात.

राहिला योना. शब्दशः बाजूचा सगळ्यात चांगला युक्तिवाद असा की येशूने स्वतः योनाचं उदाहरण दिलंय (मत्तय १२), तो माशाच्या पोटात तीन दिवस तसा मी भूमीच्या पोटात. हा युक्तिवाद कमजोर नाही, आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक त्यावरच ठाम आहेत आणि मला ते मूर्ख वाटत नाहीत. पण मला पुस्तकाचा सूरच विनोदी वाटतो. संदेष्टा देवापासून बोटीने पळतो, बोटीवरचे परधर्मी खलाशी त्याच्यापेक्षा जास्त प्रार्थना करतात, निनवे या शत्रूच्या शहरात हा एका वाक्याचं प्रवचन देतो आणि लगेच अख्खं शहर पश्चात्ताप करतं, राजाच्या हुकमाने गुरंढोरंही गोणपाट नेसतात. गुरं! आणि मग योना रुसून बसतो की देवाने त्यांना माफ का केलं. मासा यात मोजून तीन-चार वचनांत येतो, बाकी सगळं पुस्तक शत्रूला माफी मिळालेली न सोसणाऱ्या एका धार्मिक माणसाबद्दल आहे. त्यामुळे माझं मत, ही गोष्ट म्हणूनच लिहिलेली गोष्ट आहे. तुम्ही चारच अध्याय आहेत ते एका बैठकीत वाचून काढा, आणि दोन्ही मित्रांना मासा सोडून बाकी काय आठवतं ते विचारा.