नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लठ्ठ पेशंटची काळजी घेताना वॉर्डात काय लक्षात ठेवू?

सगळ्यात आधी बीपीचा कफ बघ. वॉर्डात बहुतेकदा एकच कफ फिरत असतो. तो जाड दंडाला कसाबसा गुंडाळला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको त्या गोळ्या सुरू होतात. कफमधल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के हवी. मोठा कफ सिस्टरकडे मागून घे, लाजू नकोस.

मग त्वचेच्या घड्या. पोटाखाली, स्तनांखाली, जांघेत घाम साचून कातडी लाल होते, सोलवटते, बुरशी धरते. स्पंज देताना घडी हलकेच उचलून आत बघायचं, पुसायचं, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. पावडरचे थर नकोत, ओलाव्यात तिचे गोळे होतात.

सपाट झोपवलं की दम लागतो, म्हणून डॉक्टरांची मनाई नसेल तर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेव. पेशंटची कूस एकटीने बदलू नकोस. ड्रॉ-शीट (पेशंटच्या अंगाखाली घालून, धरून सरकवायची आडवी चादर) आणि जास्तीची माणसं घे, नाहीतर तुझीच पाठ धरेल.

राहिलं बोलणं. यावर परीक्षेत फारसं विचारत नाहीत, पण ‘हिला उचलायला चौघं लागतील’ हे पेशंटला ऐकू जातं आणि मग ती बेडपॅन मागायचंच टाळते. वजन घेताना आकडा मोठ्याने वाचू नकोस.

आणि हो, भारतीयांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, 30 पासून नव्हे.