‘कळवळा दाखवू या’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंचा मुलगा जाऊन दोन वर्षं झाली, त्या अजून सावरल्या नाहीत. त्यांना भेटायला जाण्याचं आवाहन करणारी सूचना महिला मंडळाला लिहायची आहे. ‘ख्रिस्ती करुणा दाखवू या’ हे पुस्तकी वाटतं, म्हणून ‘कळवळा दाखवू या’ लिहिलं तर चालेल का?

शब्द अचूक निवडलात, पण त्याला ‘दाखवणे’ जोडू नका.

मराठीत दया करता येते, दाखवताही येते. कळवळा फक्त येतो. ‘मला तिचा कळवळा आला’ यात ‘मी’ काहीच करत नाही, ते मला होतं. म्हणून ‘कळवळा दाखवला’ म्हटलं की तो खोटा ठरतो. निवडणुकीच्या बातम्यांत शेतकऱ्यांचा कळवळा ‘दाखवणारे’ असतात ते याच अर्थाने. ‘कीव’ तर नकोच. कीव वरून खाली बघते.

मराठी बायबलात हा शब्द फार नेमका बसला आहे. नाईन गावाच्या वेशीपाशी एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा निघालेली असते. तिला पाहून प्रभूला तिचा कळवळा आला, असं लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात आहे. तिने काही मागितलेलं नाही, विश्वासाची कबुली दिलेली नाही. येशूच्या दाखल्यांतल्या चांगल्या शमरोन्याला आणि उधळ्या मुलाच्या बापालाही, जखमी माणूस किंवा परतणारा मुलगा दिसताक्षणी, कळवळाच येतो. तिन्ही ठिकाणी मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे, स्प्लांख्निझोमाई. ते आलं आहे ‘स्प्लांख्ना’वरून, म्हणजे पोटातली आतडी-काळीज. आपल्याकडेही दुसऱ्याच्या दुःखाने आतडं तुटतं, पोटात कालवतं, आणि पोटदुखीने पोर कळवळतं. तुकोबांनी ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’ म्हटलं, त्याच्या पुढचेच शब्द आहेत ‘पोटीं भार वाहे’. अनुवादकांना शब्द शोधायला लांब जावं लागलं नसणार.

‘सांत्वन’ही तुम्ही सूचनेत घालणार असाल, तर तिथे थोडं थांबा. ‘सांत्वन’ हा संस्कृतातून आलेला शब्द मूळचा गोड, शांतवणाऱ्या बोलण्याचा. म्हणून सांत्वनाला जाणाऱ्याला वाटतं की आपण काहीतरी बोललं पाहिजे, आणि मग ‘देवाची इच्छा’, ‘प्रभूला तो जास्त आवडला’ अशी वाक्यं येतात. दोन वर्षांनी ‘आता सावरा’ येतं. बायबलात मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत. ते बोलू लागले तिथून बिघडलं. आपला मुलगा योसेफ गेला असं समजून शोक करणारा याकोब तर सांत्वन करून घ्यायलाच नकार देतो, आणि शास्त्र त्याला त्याबद्दल एका शब्दाने दोष देत नाही. हे मला फार मोठं वाटतं.

आमच्या शेजारच्या घरी असंच दुःख झालं तेव्हा मंडळीतल्या एक मावशी दर गुरुवारी दुपारी यायच्या. ओट्यावरची मेथी घ्यायच्या आणि निवडत बसायच्या. पानं ताटलीत, काड्या वर्तमानपत्रावर. मेथी संपली की लसूण सोलायच्या. मुलाचं नाव निघालं तर त्या ते नाव पुन्हा उच्चारायच्या, बाकीचे टाळायचे. रडू आलं तर दोघीही रडायच्या.

मराठीत याला वेगळं क्रियापद नाही, पण पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात वाक्य आहे : ‘शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.’ जोर ‘बरोबर’वर आहे. सूचनेचा मथळा हाच ठेवा. खाली ‘करुणा दाखवू या’ऐवजी ‘ताईंकडे जाऊन बसू या’ लिहा, आणि कोणत्या वारी कोण जाणार ते लिहा. ‘सांत्वनपर भेट’ एवढं मात्र छापू नका. ते वाचून ताई आदल्या दिवसापासून घर आवरत बसतील.